मागचा शॉकअप 'पार कडक' करण्याआधी: सोलापूरच्या रस्त्यांवर या चुका टाळा

सोलापूर जिल्ह्यात दुचाकी ही बहुतेक घरांत मालवाहू गाडीसुद्धा असते. सोलापूर शहराच्या पूर्व भागातून चादरी-टॉवेलचे गठ्ठे निघतात, सांगोल्याकडे डाळिंबाचे क्रेट, दक्षिण तालुक्यातल्या वस्त्यांवरून दुधाचे कॅन. तीच गाडी सकाळी महामार्गावर पळते आणि दुपारी काळ्या रानातल्या गाडीवाटेला लागते. ओझं बदलतं, रस्ता बदलतो, पण मागच्या शॉकअपची रिंग, म्हणजे स्प्रिंगच्या टोकाची पायऱ्यांची फिरती कडी, शोरूमने ठेवली तिथेच राहते. नाहीतर गॅरेजात "मालक, पार कडक करून टाकू का?" या प्रश्नाला मान डोलावून झालेली असते आणि मग ती कधीच खाली येत नाही.

ही रिंग नेमकं काय करते, इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. साध्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना मागे दोन शॉकअप असतात आणि बहुतेकांना रिंगच्या पाच पायऱ्या. रिंग वर चढवली की स्प्रिंग आधीपासूनच थोडी दाबून ठेवली जाते. स्प्रिंगचा स्वतःचा कडकपणा मात्र तेवढाच राहतो. बदलते ती गाडीची मागची उंची, आणि स्प्रिंग दबायला सुरुवात किती वजनावर होणार ते. म्हणजे ओझ्याने खाली बसलेली गाडी पुन्हा आपल्या जागी आणणं, एवढंच रिंगचं काम. खड्ड्यातला दणका कमी करणं तिच्या हातात नाही.

म्हणून ओझं उतरवल्यावरही रिंग पाच नंबरवर ठेवणं ही पहिली चूक. दूधवाल्याची गाडी घ्या. चाळीस लिटरच्या भरलेल्या कॅनमध्ये नुसतं दूधच ४१ किलोच्या आसपास भरतं. दोन्ही बाजूंना एकेक कॅन म्हटलं तर ८२ किलो, वर कॅनचं वजन वेगळं. जाताना पाच नंबर योग्यच. पण डेअरीत कॅन रिकामे झाले की तीच गाडी परत येताना उड्या मारते. कारण रिकाम्या गाडीच्या वजनाने शॉकअप जराही बसत नाही. तो पूर्ण उघडलेला असल्याने चाकाला खड्ड्यात खाली उतरायला वाव उरत नाही, आणि खड्ड्यावरून जाताना चाक क्षणभर अधांतरी राहतं. अशा वेळी ब्रेक दाबला की मागचं चाक लॉक होऊन घसरतं. पाठदुखी नंतरची गोष्ट, आधी धोका हा आहे.

उलट चूकही तेवढीच होते. दोघं जण, वर पोतं, आणि रिंग एक नंबरवर. मग मागची बाजू बसते, स्पीडब्रेकरवर ठक्क असा आवाज येऊन शॉकअप तळाला लागतो, मडगार्ड टायरला घासतो. पुढचं चाक हलकं होतं, हँडल सैल वाटतं, वळणावर गाडी बाहेर जायला बघते. रात्री हेडलाइटचा झोत वर उचलला जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. रात्री समोरून येणारे वारंवार डिपर मारत असतील, तर आपली गाडी मागे बसली आहे का, हे आधी बघा.

किती बसली म्हणजे बरोबर, हे अंदाजाने ठरवू नका, टेपने मोजा. काम दहा मिनिटांचं आहे, सोबत एक माणूस लागतो. गाडी मधल्या स्टँडवर लावा, मागचं चाक अधांतरी पाहिजे. चाकाच्या एक्सलच्या नटापासून सरळ वर, साइड पॅनलवर किंवा कॅरिअरवर खडूने खूण करा आणि अंतर मोजा. आता स्टँड काढा, नेहमी जेवढं ओझं असतं तेवढ्यानिशी बसा, एकदोनदा हलून गाडी स्थिर होऊ द्या आणि सोबत्याला तेच अंतर पुन्हा मोजायला सांगा. दोन मापांमधला फरक म्हणजे गाडी बसली तेवढी. चाकाचा वरखाली होण्याचा एकूण पल्ला १०० मिलिमीटर असेल तर २५ ते ३५ मिलिमीटर बसणं ठीक. जास्त बसली तर रिंग एक पायरी वर, कमी बसली तर एक पायरी खाली, आणि पुन्हा मोजा. एकदम तीन पायऱ्या चढवल्या की कशाने काय झालं ते कळत नाही.

तिसरं मापही घ्या, ते जवळपास कोणीच घेत नाही. माणूस नाही, ओझं नाही, नुसती गाडी चाकांवर उभी. आपल्याच वजनाने ती थोडी तरी बसली पाहिजे. माणूस बसल्यावरचं माप बरोबर येतंय, पण नुसती गाडी अजिबात बसत नाही, असं असेल तर स्प्रिंग त्या ओझ्यासाठी मऊ आहे आणि रिंग चढवून आपण तिची उणीव झाकतो आहोत. तिथे उपाय दोनच: ओझं कमी करा किंवा कडक स्प्रिंगचे शॉकअप बसवा. बऱ्याच शंभर सीसी गाड्यांची भार पेलण्याची मर्यादा १३० किलोच्या आसपास असते, आणि तीही चालवणाऱ्यासकट. गाडीच्या पुस्तकात हा आकडा असतो, एकदा बघून ठेवा.

रिंग फिरवताना

काळ्या मातीचा चिखल रिंगच्या खाचांत बसून वाळला की दगडासारखा घट्ट होतो. तसाच पाना लावून जोर केला की पाना सटकतो, बोटं सोलतात आणि रिंगची खाच झिजते. आधी पाण्याने भिजवून जुन्या टूथब्रशने खाचा मोकळ्या करा. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, म्हणजे स्प्रिंगवर भार राहत नाही. टूलकिटमधला हुकासारखा वाकडा पानाच वापरा, छिन्नी-हातोडी नको. दोन्ही बाजूंचा नंबर एकच पाहिजे. एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला चार अशी गाडी चालवली तर चिमट्यावर (मागचं चाक धरून वरखाली होणाऱ्या दांड्यांवर) वाकडा ताण येतो. आणि धुताना डिझेलचा फवारा नको. चमक येते खरी, पण शॉकअपची रबरी बूश त्याने फुगून खराब होतात.

रिंग बदलली की चेन पुन्हा तपासा. चिमटा वरखाली होतो तसा चेनचा ताण बदलतो. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), चिमट्याचा पिव्होट (तो ज्या पिनवर वरखाली होतो ती) आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. रिकाम्या उंच गाडीवर चेन टाइट करून घेतली आणि मग ओझं टाकलं, तर ती तारेसारखी ताठ होते आणि बेअरिंग खाते. साइड स्टँडही बघा. मागची बाजू उंच झाली की गाडी स्टँडवर जास्त कलते. भुसभुशीत रानात अशी गाडी लावताना स्टँडखाली चपटा दगड ठेवा.

दोष रिंगचा नाही, तेलाचा आहे

खूप जण इथे फसतात. गाडी खड्ड्यानंतर दोन-तीनदा डोलत राहते, म्हणून रिंग कडक करतात. डोलणं थांबवायचं काम स्प्रिंगचं नाही, शॉकअपच्या आतल्या तेलाचं आहे. तेल बारीक छिद्रांतून जाताना स्प्रिंगचा जोर जिरवतं. तेल गळालं किंवा आतला व्हॉल्व्ह झिजला की स्प्रिंग मोकाट सुटते, आणि रिंग चढवली तर ती आणखी जोरात उसळते. परीक्षा सोपी आहे: सीटचा मागचा भाग दोन्ही हातांनी दाबा आणि सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक. पुन्हा खाली-वर झाली तर शॉकअप गेला. रॉडवर तेलकट धूळ चिकटली असेल तर सील गेलं. ते तेल टायरवर उतरायच्या आत काम करून घ्या. एकच शॉकअप गळत असला तरी दोन्ही बदला, कारण नवा आणि जुना बरोबरीने काम करत नाहीत. गॅस भरलेले शॉकअप खोलायला किंवा वेल्डिंगजवळ न्यायला कोणालाही देऊ नका. आतला दाब जीवघेणा असतो.

एप्रिल-मेमध्ये रिकामी गाडीही कडक वाटते, तेव्हा शॉकअपला हात लावण्याआधी टायरची हवा बघा. भर दुपारी धावून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेलाच दिसतो, म्हणून हवा सकाळी थंड टायरवर तपासायची. एकट्याचा आणि दोघांचा आकडा वेगळा असतो.

ओझं बांधायची जागाही महत्त्वाची. गठ्ठा कॅरिअरच्या मागे लोंबकळत असेल, म्हणजे एक्सलच्या मागे, तर तो पुढचं चाक उचलतो. तेवढंच वजन सीटवर पुढे सरकवून बांधलं तर रिंगची एखादी पायरी वाचते.

काळ्या रानातली वाट

मऊ जमिनीत, सुकलेल्या ढेकळांतून किंवा फुफाट्यातून जाताना मागचं चाक जमिनीला चिकटून राहिलं तरच पकड मिळते. एकटे असाल तर महामार्गापेक्षा रिंग एक पायरी खाली चांगली. टाचा फुटरेस्टवर घट्ट, दुसरा गिअर, थ्रॉटल एकसारखा. मागे ओझं असेल तर मात्र खाली आणू नका, मडगार्ड आणि टायरमधली फट आधीच कमी झालेली असते.

पाऊस पडून माती चिकट झाली की हा सगळा हिशोब संपतो. काळी माती पाणी पिऊन फुगते, टायरला थर धरते आणि मडगार्डखाली गच्च बसून चाकच थांबवते. गाडीची मागची बाजू उंच केल्याने दोन हात पुढे जाल, जास्त नाही. मुरमाच्या रस्त्यावर गाडी लावून पुढे पायी जाणं बरं. निघताना चाकातला चिखल काठीने काढा, तो तसाच वाळू दिला तर दुसऱ्या दिवशी चाक फिरताना मडगार्ड तुटतो.

आणि हे सगळं नीट करूनही सरळ रस्त्यावर मागची बाजू शेपटीसारखी हलत असेल, तर गाडी स्टँडवर घेऊन मागचं चाक दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवा. खटखट लागली तर चिमट्याचं बूश किंवा चाकाचं बेअरिंग गेलेलं आहे, गाडी थेट मेकॅनिककडे न्या.