नवा सिटी मॅनेजर निवडताना रहिवाशांचा सहभाग: केव्हा आणि कसा

फ्रीमॉन्ट, सनीव्हेल, प्लेनो यांसारख्या ज्या अमेरिकन शहरांत मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत, तेथील दैनंदिन कारभार मेयर नव्हे, तर सिटी कौन्सिलने नेमलेला सिटी मॅनेजर चालवतो. अंदाजपत्रक तोच मांडतो आणि बहुतेक विभागप्रमुखही तोच नेमतो. ओहायोतील डेटन शहराने १९१३च्या महापुरानंतर ही पद्धत स्वीकारली आणि पुढे ती देशभर पसरली. महाराष्ट्रात महापालिका आयुक्त राज्य सरकार पाठवते. या अमेरिकन शहरांत मात्र मॅनेजर नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार निवडून आलेल्या कौन्सिलकडे असल्यामुळे रहिवाशांच्या म्हणण्याला या प्रक्रियेत खरोखर जागा आहे.

ही जागा अनेकदा चुकीच्या टप्प्यावर दिली जाते. अंतिम दोन-तीन उमेदवार ठरल्यानंतर त्यांची नागरिकांशी तासाभराची भेट घडवून आणली जाते, पण तोवर निवडीचे निकष पक्के झालेले असतात. रहिवाशांच्या मताला सर्वाधिक वजन जाहिरात निघण्यापूर्वी असते, म्हणजे भरतीचे काम घेतलेली सल्लागार कंपनी उमेदवाराकडून असलेल्या अपेक्षांचा मसुदा तयार करत असते तेव्हा. म्हणून मॅनेजरच्या राजीनाम्याची किंवा निवृत्तीची घोषणा होताच कौन्सिलला पत्र लिहून सल्लामसलतीचे वेळापत्रक मागावे.

या टप्प्यावर प्रश्न कसे विचारले जातात, यावर बरेच अवलंबून असते. ‘मॅनेजर कसा असावा?’ असे विचारले, तर प्रामाणिक, अनुभवी, संवादकुशल अशी कोणत्याही शहराला लागू पडणारी उत्तरे येतात. त्याऐवजी पुढील पाच वर्षांत घरबांधणी, रस्ते आणि कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा बोजा यांपैकी आधी काय हाती घ्यावे, आणि त्यासाठी कोणत्या सेवेवरील खर्च कमी झालेला चालेल, असे विचारावे. केवळ ऑनलाइन सर्वेक्षणावर विसंबले, तर भाडेकरू, रात्रपाळीचे कामगार आणि इंग्रजी कमी जाणणारे आजी-आजोबा हमखास सुटतात. त्यांच्यासाठी ग्रंथालय, मंदिर, गुरुद्वारा, शनिवारचा बाजार अशा ठिकाणी जाऊन, दुभाष्याच्या मदतीने मते घ्यावी लागतात. मिळालेल्या मतांचा गोषवारा आणि त्यांमुळे मसुद्यात काय बदलले, हे दोन्ही प्रसिद्ध करण्याचा आग्रह धरावा.

पुढचा टप्पा मुलाखतींचा. काही शहरे कौन्सिलच्या मुलाखतीशिवाय रहिवाशांचे वेगळे मुलाखत मंडळही बसवतात. या मंडळाने सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारावेत आणि क्रमवारी लावण्याऐवजी प्रत्येकाची बलस्थाने व शंका लेखी कळवाव्यात. अंतिम निर्णय कौन्सिलचाच आहे, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगितले, तर नंतरचा रोष टळतो.

गोपनीयतेचा प्रश्न राज्यागणिक बदलतो. उमेदवार बहुधा दुसऱ्या शहरात नोकरीवर असतो आणि नाव फुटले, तर तो माघार घेऊ शकतो. स्थानिक संस्थांच्या सभा लोकांना खुल्या ठेवण्यास सांगणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या ब्राउन कायद्यानुसारही कौन्सिलला नेमणुकीची चर्चा बंद दाराआड करता येते; परंतु कौन्सिलने ठराव करून स्थापलेली समितीही त्याच कायद्याच्या कक्षेत येते, त्यामुळे रहिवाशांचे मंडळ नेमण्यापूर्वी शहराच्या कायदा सल्लागाराचे, म्हणजे सिटी अ‍ॅटर्नीचे मत घेणे आवश्यक आहे. फ्लोरिडात अर्जच सार्वजनिक दस्तऐवज ठरत असल्याने तेथे गोपनीयतेचे आश्वासन मुळात देऊच नये.

उमेदवार निवडला गेला की लोकांचे लक्ष उडते, आणि करार नेमका तेव्हाच येतो. कॅलिफोर्नियातील बेल या छोट्या शहराचा मॅनेजर वर्षाला सुमारे आठ लाख डॉलर घेत होता, हे २०१० मध्ये उघड झाले. आता त्या राज्यात मॅनेजरचा पगार तातडीच्या विशेष सभेत ठरवता येत नाही. नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते आणि मंजुरीपूर्वी पगार-भत्त्यांचा सारांश सभेत तोंडी सांगावा लागतो. त्या ७२ तासांत कराराचा मसुदा मिळवून मुदतीपूर्वी काढल्यास द्यावयाची भरपाई आणि वार्षिक मूल्यमापनाचे कलम आवर्जून वाचावे. रहिवाशांच्या अपेक्षांचा मसुदाच पहिल्या मूल्यमापनाचा आधार धरला जावा, अशी मागणी करारावर मतदान होण्याआधी, त्याच सभेतील नागरिकांच्या निवेदनांच्या वेळी, लेखी स्वरूपात नोंदवावी.