स्टड हाय-लो शिकताय? या चुका टाळा

दिवाळीच्या तीन पत्तीवर हात बसलेली माणसं स्टड हाय-लो या पोकरच्या प्रकाराच्या टेबलावर येतात आणि पहिल्या अर्ध्या तासात त्याच त्या चुका करतात. घोडबंदर रोडवरची सोसायटी असो की खारघर-नेरूळचं क्लबहाऊस, चुका बदलत नाहीत. खेळ फार अवघड आहे असंही नाही. "वाटा हो पानं, खेळता खेळता कळेल" ही घाई नडते. ॲपवर कोण जिंकलं ते स्क्रीनच सांगायची. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून खेळायची ॲप्स बंद झाली. आता घरच्या टेबलावर चिप्स मांडून बसलात, तर सात पानांतून आपला हात आपल्यालाच वाचता यायला हवा. चिप्स म्हणजे नुसत्या चिप्स, त्यामागे पैसे नकोत.

खेळाचं पूर्ण नाव सेव्हन कार्ड स्टड हाय-लो, एट ऑर बेटर. पोकरच्या 'हॉर्स' (HORSE) या मिश्र प्रकारातला शेवटचा ई म्हणजे हाच खेळ. प्रत्येकाला आधी दोन पानं बंद आणि एक उघडं मिळतं. मग चौथं, पाचवं, सहावं उघडं येतं आणि सातवं बंद. तिसऱ्या आणि चौथ्या पानावर लहान बेट, पाचव्यापासून दुप्पट. पॉटचा, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्सचा, अर्धा भाग सर्वांत मोठ्या पाच पानांच्या हाताला, म्हणजे हायला, आणि अर्धा सर्वांत लहान हाताला, म्हणजे लोला. लोसाठी अट एकच: पाचही पानं वेगवेगळ्या आकड्यांची आणि अठ्ठी किंवा तिच्याखालची. असा हात कुणाकडेच नसेल तर अख्खा पॉट हायचा. हायसाठी वेगळी पाच आणि लोसाठी वेगळी पाच पानं धरता येतात. एक्का दोन्हीकडे चालतो.

लो खालून वाचणे

सगळ्यांत जास्त चिप्स या चुकीनं जातात. हातात एक्का आणि दुर्री दिसली की माणूस लो आपलाच समजतो. लो नेहमी वरून वाचतात, सर्वांत मोठ्या पानापासून. 8-6-5-2-1 हा हात 7-6-5-4-3 पुढे हरतो, कारण अठ्ठी सत्तीपेक्षा मोठी. एक्का-दुर्रीचा विचार करायची वेळच येत नाही. वरची पानं सारखी असतील तेव्हाच खालचं पान बघायचं.

दुसरी गफलत याच्याच जोडीला असते. सिक्वेन्स किंवा फ्लश (पाचही पानं एकाच रंगाची) लागला म्हणजे तो हात हायचा, लोला चालत नाही, असं मानणारे पुष्कळ भेटतात. या खेळात लोसाठी सिक्वेन्स आणि फ्लश मोजतच नाहीत. म्हणून 5-4-3-2-1 हा सर्वांत चांगला लो आहे आणि त्याच पानांचा हायसाठी सिक्वेन्सही होतो.

नेरूळच्या एका टेबलावर या दोन्ही गैरसमजांची गाठ पडली, तो डाव बारकाईनं बघण्यासारखा आहे. सहा जण, अँटी (डावाआधी प्रत्येकानं घालायच्या चिप्स) 5, ब्रिंग-इन (सर्वांत लहान उघड्या पानवाल्यानं सक्तीनं घालायची पहिली बेट) 10, बेट 20 आणि 40. तिघं शेवटपर्यंत राहिले. ताईंची बंद पानं बदाम तिर्री आणि बदाम 4. उघड्यावर पंजी, छक्की, राजा, गुलाम आले आणि शेवटी बंद सत्ती. काकांकडे बंद इस्पिक एक्का-दुर्री, उघड्यावर अठ्ठी, छक्की, पंजी, राणी आणि शेवटी दश्शी. तिसऱ्या मुलाकडे बदामाची पाच पानं: एक्का, गुलाम, नव्वी, सत्ती, दुर्री.

पॉट 520 चिप्सचा झाला होता. मुलानं फ्लश दाखवला. ताईंना वाटलं, आपला सात-हाय सिक्वेन्स फ्लशपुढे पडला, आता उरलं काय? त्यांनी पानं पालथी करून डिस्कार्डमध्ये सरकवली. काकांनी "एक्का-दुर्री, लो माझा" म्हणत 260 चिप्स उचलल्या. ताईंचा 76543 हा त्या टेबलावरचा सर्वांत चांगला लो होता. शेजारच्यानं "वहिनी, तुमच्याकडे सत्ती नव्हती का?" असं विचारेपर्यंत पानं गठ्ठ्यात मिसळली होती, आणि मिसळलेला हात मेलेला असतो. सहाही पानांपर्यंतचं त्यांचं खेळणं चोख होतं. शेवटच्या पाच सेकंदांत 260 गेले.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे लो हा पाच आकडी संख्या म्हणून वाचा, मोठा आकडा आधी, एक्का म्हणजे 1. ताई 76543, काका 86521. लहान संख्या जिंकते. सर्वांत वाईट चालणारा लो 87654, सर्वांत चांगला 54321. 76541 आणि 76532 यांत कोण जिंकतं, हे कागदावर लिहून बघा. एक्का असलेला हात हरतो हे एकदा दिसलं की विसरत नाही.

आणि पॉटचे दोन्ही भाग वाटून होईपर्यंत पानं सरळ, उघडी, टेबलावर. हायला हरलात म्हणून हात टाकायचा नाही. नवख्यांच्या टेबलावर 'पानं बोलतात' हाच नियम ठेवा: सातही पानं उघडायची आणि सगळ्यांनी मिळून वाचायची. मुठीत चिप लपवून 'हाय', 'लो' किंवा 'दोन्ही' जाहीर करायचा प्रकारही खेळतात. शिकणाऱ्यांना तो पहिल्याच दिवशी शिकवू नये. ज्याला हात वाचता येत नाही, त्यानं जाहीर काय करायचं?

अर्ध्या पॉटच्या मागे धावणे

"निदान अर्धा तर मिळेल" या वाक्यावर टेबलावर बंदी घालावी. वरच्याच बेटांचा हिशेब करा. समजा दोघंच शेवटपर्यंत गेले आणि प्रत्येक फेरीत एकच बेट झाली. प्रत्येकाचे 5, 20, 20, 40, 40, 40 मिळून 165 लागले. बाकी चौघांच्या अँटीचे 20 आणि सोडून गेलेल्या ब्रिंग-इनचे 10 धरून पॉट 360. अर्धा मिळाला तर 180, म्हणजे फायदा 15. पूर्ण मिळाला तर फायदा 195. तेरापट! 165 चिप्स टांगणीला लावून 15 मिळवायला बसणं हा खेळ नाही.

म्हणून पहिली तीन पानं निवडताना एकच प्रश्न विचारा: यांतून दोन्ही भाग मिळू शकतात का? तीन लहान पानं, त्यांत एक्का असेल तर उत्तम. एकाच रंगाची 4-5-6 फार चांगली. एक्क्यांची जोडी आणि लहान पान, हेही. राजांची जोडी तीन पत्तीत सोनं वाटते, पण इथे समोर दोन-तीन जणांची लहान पानं उघडी असतील तर ती सांभाळून खेळायची गोष्ट आहे. राजा लोला कधीच चालत नाही. लहान पानांना मात्र एक्क्यांची जोडी किंवा सिक्वेन्स लागून हायही मिळून जातो. आणि वेगवेगळ्या रंगांची 8-7-2 तर टाकाच. लो झालाच तर अठ्ठीचा होतो आणि बहुधा हरतो.

पाचव्या पानावर बेट दुप्पट होते, निर्णय तिथे घ्यायचा. तुमच्याकडे वेगवेगळी चार लहान पानं आणि एक निरुपयोगी असेल, तर उरलेल्या दोन पानांत लो पुरा व्हायची शक्यता फक्त स्वतःची पानं धरून शंभरात सुमारे 57. तीन लहान आणि दोन निरुपयोगी असतील तर सुमारे 15. पंधरावर दुप्पट बेट लावायची नाही, मग सुरुवातीची तीन पानं कितीही देखणी असोत. इथे अधीर माणसाला "आता एवढे घातलेच आहेत" असं वाटतं. घातलेले पॉटचे झाले, ते तुमचे राहिले नाहीत.

त्या 57 मध्येही इतरांची उघडी पानं धरलेली नाहीत. तुम्हाला हवी असलेली 16 पानं गठ्ठ्यात असतील असं गृहीत आहे. टेबलावर दहा पानं उघडी दिसली आणि त्यांत तुमची सहा निघाली, तर 57 चे 47 होतात. म्हणून कुणी पानं टाकली की त्याचं उघडं पान मनात नोंदवा. सगळी लक्षात ठेवायची गरज नाही, अठ्ठीपर्यंतची आणि एक्के पुरेत. फोन बघत बसणाऱ्यानं होल्डेम, म्हणजे इतरांची पानं बंदच असतात तो पोकर, खेळावं. स्टड त्याच्यासाठी नाही.

बाकीच्या

तीन पत्तीची क्रमवारी घरी ठेवून या. तिथे सिक्वेन्स कलरच्या वर, कारण तीन पानांत कलर सोपा. पाच पानांत फ्लश दुर्मीळ, म्हणून फ्लश सिक्वेन्सला मारतो. आणि तीन सारखी पानं इथे सिक्वेन्सच्याही खाली.

ब्रिंग-इन सर्वांत लहान उघड्या पानाचा, आणि त्यासाठी एक्का मोठाच धरायचा. आकडा सारखा असेल तर किल्वर, चौकट, बदाम, इस्पिक असा चढता क्रम. चौथ्या पानापासून सुरुवात सर्वांत मोठा हात उघडा दिसणाऱ्यानं करायची. डीलरच्या डावीकडे कोण बसलंय याला इथे अर्थ नाही. आणि रंगांचा हा क्रम ब्रिंग-इनपुरताच; "माझा इस्पिक मोठा" म्हणून पॉट जिंकता येत नाही.

जोडी धरून लो मोजू नका. 1-2-3-3-7 आणि राजा-राणी म्हणजे चारच लहान पानं. लो झालेला नाही.

उघडी पानं उचलून हातात घेऊ नका, त्यांचा क्रमही बदलू नका. कोणतं पान कधी आलं यावरूनच समोरचे तुमचा हात वाचतात, तो त्यांचा हक्क आहे.

सुरुवातीला सहा जणच बसा. सगळे टिकले तरी 42 पानं आणि चौथ्यापासून दर फेरीला न वाटता बाजूला टाकायचं (जळणारं) एक, अशी 46 लागतात. सात जणांना ती पुरतीलच असं नाही. सातव्या पानाला गठ्ठा अपुरा पडला तर मध्ये एकच पान उघडून ते सगळ्यांचं धरतात.

खाडीकाठच्या दमट हवेत, ऐरोली-वाशीला पावसाळ्यात तर हमखास, कागदी पानं एकमेकांना चिकटतात. दोन पानं एकदम सुटतात, बंद पान उघडं पडतं. पूर्ण प्लास्टिकचा जोड घ्या. तरीही वाटणाऱ्याकडून पहिल्या दोनांपैकी एक पान उघडं पडलंच, तर डाव मोडायचा नाही. तेच उघडं धरायचं आणि तिसरं पान बंद द्यायचं. दोन्ही उघडी पडली तर त्याचा हात रद्द, अँटी परत.

पॉट वाटताना एक चिप विषम उरली तर ती हायला जाते.