कोल्हापुरात परवडणारा फ्लॅट शोधताना

राजारामपुरी, ताराबाई पार्क इथं बजेट बसत नसेल तर कळंबा, पाचगाव, फुलेवाडी, उचगावकडे वळा. फक्त जाण्यायेण्याचा खर्च भाड्यात धरूनच तुलना करा. एजंटला साधारण महिन्याचं भाडं द्यावं लागतं, म्हणून आधी स्वतः गल्लीतून फिरा. 'भाड्याने देणे' अशा पाट्या गेटवर असतातच, आणि किराणा दुकानदाराला बहुतेक रिकाम्या खोल्या माहीत असतात.

भाडं फारच कमी सांगितलं, तर पुराचं नक्की विचारा. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, नागाळा पार्कच्या काही भागांतही शिरलं होतं. मालकापेक्षा शेजारच्या काकूंना विचारा, पाणी कुठवर आलं होतं ते त्या भिंतीवर हात ठेवून दाखवतील. जयंती नाल्यालगत तळमजला तर मी कुणालाच सुचवणार नाही, मग भाडं कितीही कमी असो.

लाईटचं मीटर स्वतंत्र आहे का, उन्हाळ्यात पाणी किती वेळ येतं, मेंटेनन्स कोण भरणार, हे डिपॉझिट देण्याआधीच ठरवा. करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार ती जबाबदारी मालकाची आहे. डिपॉझिटची रक्कम करारात लिहून घ्या आणि ती बँकेतूनच पाठवा.