पावसाळ्यातला कुबट वास आणि घरगुती सुगंधी फवारा : या चुका टाळा

पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत चादरी, उशांचे अभ्रे, पडदे आणि सोफ्याच्या गाद्या यांना जो कुबट वास येतो, त्यावर घरीच बनवलेला सुगंधी फवारा मारण्याचा उपाय पुष्कळ जण करून पाहतात. साहित्य थोडे आणि कृती सोपी असल्यामुळे यात चुकण्यासारखे काय आहे, असे वाटते. प्रत्यक्षात मात्र काही दिवसांत बाटलीतले पाणी गढूळ होते, चादरीवर तेलकट ठिपके उमटतात, किंवा दोन तासांनी मूळचा वास सुगंधात मिसळून पूर्वीपेक्षाही असह्य होतो.

यांपैकी शेवटच्या तक्रारीचे कारण बाटलीत नसून कापडात असते. नीट न वाळलेल्या कपड्यांत जिवाणू वाढतात. मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा त्यांतला एक जिवाणू कापडात उरलेल्या घामावर आणि त्वचेच्या स्निग्धांशावर पोसला जाऊन एक तीव्र वासाचे आम्ल तयार करतो. नुसते वाळवल्याने हा जिवाणू सहजासहजी मरत नाही. म्हणूनच कोरडा असताना बरा वाटणारा टॉवेल अंग पुसताच पुन्हा वास मारू लागतो. अशा टॉवेलवर फवारा मारणे म्हणजे त्याला आणखी ओल पुरवणे होय. सुती कापड सोसत असेल तर ते 60 अंश सेल्सिअसच्या आसपास गरम पाण्यात धुवावे, पूर्ण वाळवावे आणि मगच सुगंधाचा विचार करावा. बाजारातल्या काही फवाऱ्यांत पिष्टापासून बनवलेले सायक्लोडेक्स्ट्रिन असते आणि त्याचे कड्याच्या आकाराचे रेणू वासाचे रेणू आपल्या पोकळीत अडकवून ठेवतात. घरच्या फवाऱ्यात तशी सोय नसते, त्यामुळे दुर्गंध घालवण्याचे काम त्याच्याकडून अपेक्षू नये.

दुसरी चूक कृतीतली आहे आणि बहुतेक जण तीच करतात : बाटलीभर पाण्यात सुगंधी तेलाचे थेंब टाकून बाटली हलवणे. तेल पाण्यात विरघळत नाही. हलवल्यावर ते क्षणभर विखुरते, पुन्हा वर येऊन तरंगते, आणि फवाऱ्याची नळी बाटलीच्या तळाशी असल्यामुळे सुरुवातीला जवळजवळ नुसते पाणी व शेवटी जवळजवळ नुसते तेल बाहेर पडते. चादरीवरचे डाग बहुधा या शेवटच्या तेलाचे असतात. यासाठी तेल आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंवा पॉलिसॉर्बेट 20 या, तेल आणि पाणी एकजीव करणाऱ्या द्रावात पूर्ण मिसळून घ्यावे लागते. दुसरा पर्याय मला अधिक सोयीचा वाटतो : 100 मिलिलिटर फवाऱ्यासाठी 1 मिलिलिटर तेल आणि 4 ते 5 मिलिलिटर पॉलिसॉर्बेट एकत्र ढवळावे आणि त्यात पाणी थोडेथोडे घालत जावे. क्रम उलटा केल्यास मिश्रण जमत नाही. अल्कोहोल वापरायचे असेल तर ते फवाऱ्याच्या निम्म्याहून अधिक ठेवावे. पाणी घालताच द्रव दुधाळ झाला, तर तेल पुन्हा वेगळे होऊ लागले आहे असे समजावे आणि अल्कोहोल वाढवावे किंवा तेल कमी करावे. साबण व मेणबत्त्यांचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत पॉलिसॉर्बेट मिळते.

थेंब मोजण्यावर फार विसंबू नये. 20 थेंबांचा 1 मिलिलिटर होतो हा केवळ अंदाज आहे. तेल पातळ की दाट आणि बाटलीचे तोंड कसे, यावर थेंबाचा आकार ठरतो. औषधांच्या दुकानातली बिनसुईची सिरिंज यासाठी उत्तम. सुगंध कमी वाटला म्हणून लगेच तेल दुप्पट करण्याचा मोहही टाळावा, कारण बनवणाऱ्याचे नाक काही मिनिटांत त्या वासाला सरावलेले असते.

तेलाची निवडही महत्त्वाची आहे. निलगिरी आणि लव्हेंडर ही तेले पातळ व फिकट असल्याने तुलनेने निर्धोक आहेत. वाळ्याचे तेल दाट आणि तपकिरी, तर गवती चहाचे पिवळसर असते. अत्तरे अनेकदा जड तेलात बनवलेली असल्याने त्यांचा डाग हमखास पडतो; वाळ्याचे अत्तर वापरून एक पांढरा अभ्रा मी स्वतः घालवला आहे. डाग पडलाच तर त्यावर टाल्कम पावडर टाकून काही तास ठेवावी, नंतर भांडी धुण्याच्या द्रवाने चोळून कोमट पाण्यात धुवावे. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री फिरवू नये, कारण उष्णतेने तो पक्का होतो.

पाण्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. बोअरवेलच्या जड पाण्यातील क्षार गडद पडद्यांवर पांढरे ठिपके सोडतात आणि फवाऱ्याचे बारीक छिद्रही बुजवतात, म्हणून ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड, म्हणजे वाफ थंड करून मिळवलेले) पाणी वापरावे. एसीमधून ठिबकणारे पाणी ऊर्ध्वपातित पाण्यासारखेच असते हा समज चुकीचा आहे. त्यात यंत्रातली धूळ आणि बुरशी उतरलेली असते. बॅटरीच्या दुकानात ऊर्ध्वपातित पाणी मिळते, मात्र तिथे आम्लाचे कॅनही असतात, म्हणून लेबल वाचूनच घ्यावे. अल्कोहोल नसलेला फवारा थोडाच बनवावा, फ्रिजमध्ये ठेवावा आणि आठवड्याभरात संपवावा. तो गढूळ झाला किंवा त्यात तंतू दिसले तर गाळून वापरण्याच्या फंदात न पडता ओतून द्यावा.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकाच बाटलीत घालण्याची कृतीही प्रचलित आहे. फसफस पाहून काहीतरी प्रभावी घडते आहे असे वाटते, पण ती दोन्ही द्रव्ये एकमेकांना निष्प्रभ करतात आणि मागे उरलेला क्षार कापडावर पांढरा थर धरतो. बाटली जुनी असेल तर सावधगिरी अधिकच हवी : पूर्वी तिच्यात ब्लीच असेल आणि तुम्ही व्हिनेगर ओतले, तर विषारी क्लोरीन वायू सुटू शकतो. नवी, शक्यतो गडद काचेची बाटली घ्यावी आणि तिच्यावर नाव व तारीख लिहावी.

अल्कोहोल असलेला फवारा देवघरातल्या समईजवळ, पेटलेल्या उदबत्तीजवळ किंवा गॅसच्या शेगडीपाशी मारू नये. त्याची वाफ चटकन पेट घेते. फवारल्यावर कापड पूर्ण सुकेपर्यंत इस्त्रीही लावू नये. तान्ह्या बाळाच्या अंथरुणावर निलगिरी, पुदिना किंवा कापूर यांचा फवारा टाळावा, कारण त्यांच्या उग्र वाफांनी लहान मुलांना श्वसनाचा त्रास होऊ शकतो. घरात मांजर असेल तर टी ट्री तेल वर्ज्यच समजावे. मांजराचे यकृत असे पदार्थ नीट निकामी करू शकत नाही आणि अंग चाटताना ते तेल त्याच्या पोटात जाते.

कोणत्याही नव्या कापडावर आधी आतल्या शिवणीपाशी फवारून दिवसभर वाट पाहावी आणि एरवीही बाटली हातभर अंतरावर धरावी. रेशमावर मात्र ही चाचणीसुद्धा करू नये. रेशमावर पाण्याचे डाग राहतात आणि खऱ्या जरीतली चांदी काळवंडते. पैठणी सुती कापडात गुंडाळून ठेवावी आणि तिच्या शेजारी पातळ पिशवीत वाळ्याची कोरडी मुळे किंवा सुकवलेली बकुळीची फुले ठेवावीत. ट्रंकेत केवड्याचे पान ठेवण्याची जुनी पद्धतही चांगलीच आहे. फक्त ते पान पूर्ण सुकलेले असावे आणि रेशमाला थेट टेकू नये.