ॲप नंतर, आधी चाळीस भाकऱ्या : धंद्याची आयडिया कमी खर्चात कशी तपासावी

नवी आयडिया घेऊन भेटायला येणारा माणूस बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतो, "ॲप बनवायला किती खर्च येईल?" मीही एकेकाळी हेच विचारत होतो. माझ्या पहिल्या ॲपवर सात महिने आणि साठवलेले पैसे गेले. ते डाउनलोड करणाऱ्यांत निम्मे माझे नातेवाईक निघाले.

ही चूक टाळण्यासाठी एमव्हीपी असतं, म्हणजे मिनिमम व्हायेबल प्रॉडक्ट : आयडिया चालेल का, हे कळण्यापुरतं सर्वांत छोटं रूप. हा शब्द सल्लागार फ्रँक रॉबिन्सन यांनी २००१ साली वापरला आणि पुढे उद्योजक-लेखक एरिक रीस यांनी तो जगभर पोहोचवला. त्यातल्या 'प्रॉडक्ट' या शब्दाने मात्र घोळ होतो. लोक अर्धवट ॲप बनवतात आणि त्याला एमव्हीपी म्हणतात. खरं तर ती एक परीक्षा आहे, आणि ती कधी कधी वही-पेनावरही होते.

एक उदाहरण धरून चालू. समजा, पुण्यात कोथरूडला ज्वारीच्या गरम भाकऱ्या रोज संध्याकाळी घरपोच द्यायच्या, अशी तुमची आयडिया आहे.

आधी गृहीतक लिहून काढा

आयडिया ज्यामुळे बुडेल अशी गोष्ट शोधा. भाकरी लोकांना आवडते का, हा प्रश्नच नाही. रोज लागते का, आणि त्यासाठी कोणी आगाऊ पैसे भरेल का, हा प्रश्न आहे. म्हणून वहीत एक वाक्य लिहा : 'एका सोसायटीतली दहा घरं आठवड्याचे पैसे आधी भरतील आणि त्यातली सहा पुढच्या आठवड्यालाही भरतील.' शेजारी मुदत लिहा, चार आठवडे, आणि खर्चाची हद्द, पाच हजार रुपये. हे आकडे आधीच लिहायचे, कारण सहाऐवजी तीनच घरं उरली की मन म्हणू लागतं, "तीन पण काही वाईट नाहीत."

मग लोकांशी बोला, पण मत विचारू नका

"अशी सेवा सुरू केली तर घ्याल का?" या प्रश्नाला आपल्याकडे तोंडावर कोणी नाही म्हणत नाही. "अरे वा, करायलाच हवं कोणीतरी!" हे उत्तर कानाआड करा. त्यापेक्षा घडलेलं विचारा. घरी शेवटची भाकरी कधी झाली? कोणी केली? गेल्या आठवड्यात बाहेरून आणली का, कुठून, कितीला? जो पोळी-भाजी केंद्रातून आठवड्यात दोनदा भाकरी आणतो, तो तुमचा गिऱ्हाईक. असे दहा-पंधरा जण भेटेपर्यंत पुढे जाऊ नका.

आता सगळं हाताने करा

१९९९ साली अमेरिकेत निक स्विनमर्न यांनी जोड्यांच्या दुकानांत जाऊन फोटो काढले आणि वेबसाइटवर टाकले. ऑर्डर आली की त्याच दुकानातून जोडा विकत घ्यायचा आणि पाठवायचा. यात नफा नव्हता, पण पायात न घालता लोक जोडे विकत घेतात, हे कळलं. गोदामात माल भरण्याआधीच! ती कंपनी म्हणजे झॅपोज.

ड्रॉपबॉक्सची तऱ्हा वेगळी. फाइली इंटरनेटवर साठवून कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडायची ही सेवा बनवणं अवघड होतं, म्हणून तिचे संस्थापक ड्रू ह्यूस्टन यांनी ती कशी चालेल हे दाखवणारा छोटा व्हिडिओ टाकला आणि प्रतीक्षा यादी पाच हजारांवरून पंचाहत्तर हजारांवर गेली. पण नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे अशा यादीला मी पैशांच्या निम्मंही वजन देत नाही.

भाकरीसाठी तुम्हाला एक व्हॉट्सॲप ग्रुप, यूपीआयचा क्यूआर कोड आणि वही पुरते. भाकऱ्या स्वतः करू नका. खाद्यपदार्थ विकायला अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, ती तुम्हीही करून घ्या आणि भाकऱ्या नोंदणी असलेल्या जवळच्या केंद्राकडून घ्या. प्रयोग चालू आहे, हे गिऱ्हाइकांना मोकळेपणाने सांगा. आणि पोचवायला स्वतःच जा, मुलगा ठेवू नका.

स्वतः गेलात की दिसतं : स्टीलच्या डब्यात गरम भाकऱ्या एकावर एक रचल्या की वाफ धरते आणि खालच्या दोन लगद्यासारख्या होतात. सुती फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवल्या तर बऱ्या राहतात. दारात लोक बोलतात ते तर कुठल्याच सर्व्हेत येत नाही. "शनिवारी नको, आम्ही बाहेर जेवतो." "आज पाहुणे आहेत, दोन जास्त मिळतील?" "नुसतं पीठ मळून दिलं तर?" ही शेवटची सूचना मोहात पाडते. पण ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. मळून ठेवलेला गोळा थापताना कडेने चिरतो.

पैसे मोजा

दर घरी चार भाकऱ्या, वीस रुपयांना एक, आठवड्याचे सहा दिवस : ४८० रुपये, आगाऊ. केंद्राला बारा आणि बांधणीला एक रुपया गेला तर भाकरीमागे सात उरतात. दहा घरांच्या चाळीस भाकऱ्या म्हणजे संध्याकाळचे २८० रुपये, त्यातून तुमचं पेट्रोल आणि दीड तास. उद्या पोचवायला माणूस ठेवला तर यात त्याचा पगार बसतो का? एकाच सोसायटीत वीस घरं मिळाली तर कदाचित बसेल, पाच सोसायट्यांत विखुरलेली वीस घरं असतील तर नाही. मावशीने भरलेले ४८० रुपये हिशेबात धरायचे नाहीत.

पहिला आठवडा कुतूहलाने आणि भिडेखातर जातो. खरा निकाल दुसऱ्या सोमवारी लागतो, आठवण न करता कोण पैसे पाठवतं ते बघा. जे पाठवत नाहीत त्यांना फोन करा. कदाचित रोज नको, मंगळवार-शुक्रवार हवी, असं निघेल. मग तेवढीच एक गोष्ट बदलून पुन्हा एक आठवडा चालवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

औषधोपचार किंवा लोकांच्या ठेवी यांत असला जुगाड करू नका, तिथे कच्च्या कामाने माणसाचं नुकसान होतं.

आणि ॲप? वही पुरेनाशी होईल तेव्हा. तोवर रोजच्या पानावर खाडाखोड साठलेली असेल. माझा अंदाज, त्यात सर्वांत जास्त वेळा 'आज नको' लिहिलेलं सापडेल. ॲपमध्ये पहिलं बटण त्याचं ठेवा.