लेख टाकताच दुसऱ्या साइटवर जसाच्या तसा: काय केल्यावर थांबलं

कळण्याची भाकरी, भरीत, शेवभाजी अशा खान्देशी पदार्थांची आमची वर्डप्रेसवरची साइट आहे. नवा लेख टाकला की काही मिनिटांत तो दुसऱ्या साइटवर हजर. फोटो मात्र आमच्याच सर्व्हरवरून उघडायचे, म्हणजे बँडविड्थही आमचीच जायची. जीव नुसता जळायचा.

राइट-क्लिक बंद करणारं प्लगइन लावलं. चोरी थांबली नाहीच, उलट धुळ्याच्या एका काकूंना कळण्यातलं ज्वारी-उडदाचं प्रमाण कॉपी करून लेकीला पाठवता येईना. लगेच काढलं. मोठा वॉटरमार्क टाकला, तर भाकरीच दिसेना.

सर्व्हरचा अ‍ॅक्सेस लॉग (साइटवर कुठून काय मागितलं गेलं याची नोंद) उघडल्यावर उलगडा झाला. एकच आयपी (इंटरनेटवरचा कॉम्प्युटरचा पत्ता) सतत आरएसएस फीड (साइटचे नवे लेख आपोआप बाहेर पुरवणारी यादी) मागत होता. म्हणजे चोरी माणूस करतच नव्हता, एखादा प्रोग्राम फीडमधून लेख आपोआप उचलत होता.

आधी ‘सेटिंग्ज’मधल्या ‘रीडिंग’मध्ये फीडसाठी ‘फुल टेक्स्ट’ऐवजी ‘एक्सर्प्ट’ निवडलं. वेगळा सारांश लिहिला नसेल तर पहिले ५५ शब्दच जातात. मग कॅश (साठवून ठेवलेली जुनी प्रत) साफ केली, नाहीतर जुनाच फीड जात राहतो. त्यानंतर सीपॅनेलमध्ये (होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये) ‘हॉटलिंक प्रोटेक्शन’ (आपल्या सर्व्हरवरचे फोटो परक्या साइटवर उघडू न देणारी सोय) सुरू करून परवानगीच्या यादीत आपला पत्ता (डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याविना) आणि गूगल टाकलं. ‘अलाऊ डायरेक्ट रिक्वेस्ट्स’वर टिक हवीच, काही ब्राउझर रेफरर (फोटो कोणत्या पानावरून मागितला ते) पाठवत नाहीत, त्या वाचकांचे फोटो अडायला नकोत. परक्या साइटला आता ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’ असा एरर मिळतो.

आधी गेलेल्या लेखांसाठी गूगलचा कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म भरला, प्रत्येक लेखाची मूळ आणि चोरलेली अशा दोन्ही लिंक देऊन. नवे लेख आता तिकडे पूर्ण दिसत नाहीत, आणि आमच्याकडे कॉपी करायला कुणालाच आडकाठी नाही.