हेडसेटचा माइक अचानक बंद पडला तर

तुम्हाला समोरच्याचं सगळं नीट ऐकू येतंय आणि तो मात्र "आवाज येत नाहीये तुमचा" म्हणून थांबलाय. अशा वेळी कुणी घाईघाईने ड्रायव्हर (हेडसेट चालवणारं कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर) उडवतं, तर कुणी नागपूरच्या बर्डी बाजारात जाऊन नवा हेडसेट आणतं. दोन्ही थोडं थांबू द्या. बिघाड हेडसेटमध्ये आहे की कॉम्प्युटरमध्ये, एवढं आधी ठरवा.

पहिली नजर म्यूटवर. वायरवरच्या छोट्या डबीला बटण असतं, ते खिशाला घासूनही सरकतं. काही हेडसेटमध्ये माइकची दांडी वर केली की माइक आपोआप बंद होतो. काही लॅपटॉपच्या कीबोर्डवरही माइक म्यूटचं वेगळं बटण असतं.

म्यूट नसेल तर हेडसेट फोनला लावा आणि व्हॉइस रेकॉर्डर सुरू करा. नुसतं बोलून पाहू नका, कारण फोनचा स्वतःचा माइक आवाज पकडतो आणि आपण फसतो. हेडसेटच्या माइकवर नखाने हलकेच खरवडा. रेकॉर्डिंगमध्ये खरखर मोठी आली तर माइक शाबूत आहे, दोष कॉम्प्युटरकडे शोधा. फोनला गोल सॉकेट नसेल तर दुसऱ्या लॅपटॉपवर हेच करा.

आता पिन पाहा. ३.५ मिमीच्या पिनवर काळ्या रिंगा मोजा. तीन रिंगा म्हणजे चार भाग: डावा, उजवा, ग्राउंड आणि माइक. दोनच रिंगा असतील तर ती पिन एक तर फक्त ऐकण्याची किंवा फक्त माइकची. डेस्कटॉपला मागे हिरवं सॉकेट स्पीकरचं आणि गुलाबी माइकचं असतं. तीन रिंगांची पिन हिरव्यात घातली की ऐकू येतं, पण त्या सॉकेटमध्ये माइकला वाटच नसते. इथे स्प्लिटर लागतो: एका बाजूला चार भागांचं एक सॉकेट, दुसऱ्या बाजूला दोन पिना. दुकानात याच्यासारखाच दिसणारा उलटा स्प्लिटरही मिळतो, दोन सॉकेट आणि एक पिन असा. तो इथे कामाचा नाही, म्हणून हेडसेट सोबत नेऊन लावून बघूनच घ्या. कॅबिनेटच्या पुढच्या सॉकेटवर माइक चालत नसेल तर मागच्यावर लावून पाहा. पुढच्या पॅनलची ऑडिओ वायर मदरबोर्डला जोडायची राहून गेलेली असते, असंही होतं. यूएसबी हेडसेट असेल तर हब (एका पोर्टला अनेक पोर्ट देणारी डबी) काढा आणि थेट दुसऱ्या पोर्टला लावा.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड असं जा आणि 'इनपुट'खाली हेडसेटच निवडलाय ना ते पाहा. वेबकॅमलाही माइक असतो, आणि तो लावला की कधीकधी निवड गुपचूप तिकडे जाते. नखाने खरवडण्याची युक्ती इथेही वापरा: हेडसेटचा माइक खरवडल्यावर तिथली आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी उडी मारत नसेल, पण लॅपटॉपजवळ टिचकी मारल्यावर हलत असेल, तर चुकीचा माइक निवडलाय. इनपुट व्हॉल्यूम ८० ते ९० ठेवा.

यादीत हेडसेट दिसतच नसेल तर त्याच पानाच्या तळाशी 'मोअर साउंड सेटिंग्ज' उघडा, 'रेकॉर्डिंग' टॅबच्या रिकाम्या जागेत राइट क्लिक करा आणि बंद केलेली उपकरणं दाखवायला सांगा. सापडला की एनेबल करा. मग 'डिफॉल्ट डिव्हाइस' आणि 'डिफॉल्ट कम्युनिकेशन डिव्हाइस' दोन्हीही तोच करा. कॉलची अ‍ॅप्स बरेचदा 'कम्युनिकेशन'वाल्या उपकरणाकडे बघतात, त्यामुळे रेकॉर्डिंग होतं पण कॉलमध्ये शांतता. आवाज खूप बारीक असेल तर प्रॉपर्टीजमधल्या 'लेव्हल्स'मध्ये बूस्ट +१० किंवा +२० डीबी करा. +३० ला सूं आवाज वाढतो.

पट्टी हलते पण अ‍ॅपमध्ये आवाज नाही? मग बहुधा परवानगी अडलीय. 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मधल्या 'मायक्रोफोन'मध्ये जा. वरचा मुख्य स्विच आणि सगळ्यात खालचा डेस्कटॉप अ‍ॅप्सचा स्विच, दोन्ही चालू हवेत. खालचा बरेच जण बघतच नाहीत. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावरून त्या साइटची परवानगी तपासा. एवढ्यानेही झालं नाही, तरच डिव्हाइस मॅनेजरमधून ड्रायव्हर काढा आणि रीस्टार्ट करा.

ब्लूटूथ हेडसेटचा माइक सुरू झाला की गाण्याचा आवाज चपटा होतो. तो बिघाड नाही. माइकसाठी ब्लूटूथ हँड्स-फ्री प्रोफाइलवर, म्हणजे कॉलसाठीच्या साध्या आवाजाच्या पद्धतीवर जातं. फोनने हेडसेट धरून ठेवला असेल तर फोनचं ब्लूटूथ बंद करा.

नागपुरात एप्रिल-मे-जूनमध्ये आणखी एक भानगड असते, ती म्हणजे कूलर. कूलरचा एकसुरी आवाज माइकमध्ये शिरतो, कॉलचं नॉइज सप्रेशन (गोंगाट कमी करणारी सोय) तो कापतं आणि सोबत तुमचे शब्दही तुटतात. कूलरचा झोत माइकवर येणार नाही असे बसा. माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं, जरा बाजूला. फोमची टोपी घामाने ओली झाली असेल तर काढून सावलीत वाळवा. माइकच्या भोकात टाचणी घालू नका, आतला पडदा फाटतो. सॉकेटमध्ये धूळ-कापूस अडकला असेल तर मशीन बंद करून लाकडी टूथपिकने अलगद काढा.

फोनवरही माइक मेला असेल, तर वायरवर लक्ष द्या. रेकॉर्डिंग चालू ठेवून वायर पिनेपाशी आणि डबीपाशी हळूहळू वाकवा. एखाद्या कोनात आवाज येऊन पुन्हा गेला तर तिथेच तार तुटलीय. पिनेपाशी असेल तर दोनेक इंच वायर कापून नवी चार भागांची पिन सोल्डर करून घेता येते. आतल्या बारीक तारांवर लाखेचा थर असतो. तो जाळून काढल्याशिवाय सोल्डर धरत नाही, आणि केलेली दुरुस्ती आठवड्यात सुटते. तारांचे रंग कंपनीगणिक बदलतात, म्हणून कोणती तार कशाची हे मल्टिमीटरने बघूनच जोडावी. हेडसेट वॉरंटीत असेल तर मात्र कात्री लावू नका, बिल काढा आणि बदलून घ्या.